अर्धा तेर्स

तेर्स म्हणजे ख्रिस्तावांचा सांजेचा जप. तो दोघांनी म्हणायचा असतो. एकानं 'नमान मारिये' म्हणत पुढं व्हायचं, अर्ध्यावर थांबायचं; 'सांता मारिये'पासूनचं उरलेलं अर्धं दुसऱ्यानं पुरं करायचं. दोघांचे आवाज भेटले की मणी सरकतो. गोव्यातल्या मांद्र्याच्या त्या वाडीत आंजेलीन मात्र नऊ वर्षं दोन्ही अर्धी एकटीच म्हणत होती. हाक देणारीही तीच, ओ देणारीही तीच.

वाडीतली बाकीची ख्रिस्ताव घरं रिकामी झाली होती. कुणी लंडनला गेलं, कुणी म्हापशाला. दोन घरांत रशियन पाहुणे राहत, आणि त्यांच्या दोरीवरचे रंगीत टॉवेल तेवढे वाऱ्याशी बोलत. ऑक्टोबरात, जपाच्या महिन्यात, पूर्वी सायबिणीची, म्हणजे मारिया मातेची, मूर्ती घरोघर फिरायची. आता फिरायला घरं कुठं होती?

एक होतं. भिंतीपलीकडचं.

आई गेल्यावर घराचे दोन भाग झाले, तेव्हा भिंत नेमकी बैठकीच्या खोलीतून गेली. निळ्या लाकडाचा आल्तार, म्हणजे देव्हारा, त्यातल्या सायबिणीसकट, धाकट्या भावाच्या, दुमिंगच्या वाट्याला गेला. आंजेलीनच्या वाट्याला त्याची पाठ आली. म्हणून तर भिंतीत दार ठेवलं होतं, जपाला जायला-यायला.

दुमिंग गेला त्या दिवशी त्याची बायको फिलोमेन त्याचीच औषधं आणायला म्हापशाला गेली होती. ती धापा टाकत दारात आली, हातात औषधांची पिशवी तशीच, आणि आंजेलीन भरल्या घरात बोलून गेली, "माझ्या भावाक एकट्याक मरूक सोडलंस."

फिलोमेननं पिशवी खाली ठेवली. दफन करून आल्यावर तिनं दाराला पलीकडून कडी घातली. आंजेलीननं अलीकडून घातली.

तेव्हापासून रोज सांजेला भिंतीआडून पुटपुट यायची. फिलोमेनही दोन्ही अर्धी एकटीच म्हणे. एकाच सायबिणीपुढं दोघी गुडघे टेकत. एकीला तिचा मुखडा दिसे, एकीला चुना.

त्या ऑक्टोबरात शेजारची विनिता भाताची पाटी कमरेवर घेऊन आली.

"आंजेलीनबाय, तुमच्या आंगणात भात वाळत घालू काय गो दोन दिवस?"

"तुझ्या आंगणाक काय झालां?"

"आंगण थंयच आसा. पण अर्ध्यात ती आसा."

ती म्हणजे तिची जाऊ, गौरवी.

"माझी कोकमाची सोलां वाळत होती, तिची कोंबडी त्यातसून नाचली. सांगूक गेलंय तर म्हणता कशी, कोंबडेक काय वाचूक येता? तेवापासून बोलणां बंद."

आंजेलीनला हसू आलं. मग तिचा वर्गातला आवाज निघाला. तीस वर्षं ती चर्चमध्ये मुलांना धर्माचे पाठ देत होती. "असां करू नये गो. आपण पयलां जावचां. लहान कोण होणा नाय."

विनितानं पाटी खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं. "रागावू नकोस हां बाय. सासूपण माका तांच सांगी होती. मीयां म्हटलां, आंजेलीनबायकडे बघ. सांज चुकवणा नाय, कोणाच्या वायटात नाय. आणि तरी नऊ वर्सां भावजयेकडे बोलणा नाय. ती बोलणा नाय म्हणजे त्यात काय पाप नसतलां!"

कुचकेपणानं नाही, कौतुकानंच बोलली. मग दोन्ही हातांनी भात पसरत राहिली.

आंजेलीन आत येऊन बाकावर बसली. अबोला ही कडीच्या आतली गोष्ट, असं ती समजत आली होती. दुखणं जसं आपलं आपण झाकून ठेवावं तशी. आणि तो तर कधीचा बाहेर पडून शेजारच्या चुलीपाशी जाऊन बसला होता. तिचं नाव सांगून.

जेजूनं, म्हणजे येशूनं, शिष्यांचे पाय धुतले तो धडा ती दर वर्षी शिकवी. मुलांना विचारी, "पयलो कोण वाकलो?" मुलं छपराला लागेल असं ओरडत, "जेजू!" आणि ती खुशीनं फळ्याकडं वळे. दुमिंग गेला त्या दुपारीही ती हेच काहीतरी शिकवत होती. घरी नव्हती तीही. एकटं सोडलं होतं ते दोघींनी. फिलोमेन निदान औषधाला गेली होती.

सांजेला दिवा लावून ती भिंतीपुढं गुडघ्यांवर बसली. पलीकडं पुटपुट सुरू व्हायची होती. दर दहा मण्यांआधी, हे दहा कुणासाठी, ते सांगायची रीत असते. नऊ वर्षं तिनं ते मनातच सांगितलं होतं. आज मोठ्यानं म्हणाली, भिंतीला ऐकू जाईल असं:

"हे पयले धा... दुमिंग गेलो त्या दिसा मीयां फिलोमेनीक जो शब्द बोललंय, त्याच्या माफीसाठी. मीयांपण घरात नव्हतंय."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या सांजेला पलीकडची पुटपुट सुरूच झाली नाही.

तिनं 'नमान मारिये' म्हटलं, अर्ध्यावर आली आणि थांबली. उरलेलं ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. थोडं थांबून मणी सरकवला. पुन्हा अर्धं. पुन्हा गप्प. पन्नास मणी झाले, पन्नास वेळा ती थांबली, आणि बाहेर विनिताच्या भातावर चिमण्या भांडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशीही तेच. रविवारी चर्चमध्ये मिसाला दोघी नेहमीसारख्या दोन टोकांच्या बाकांवर बसल्या. रात्री अर्धवट जप घेऊन झोपताना आंजेलीनला आपलं घर पूर्वीपेक्षा मोठं वाटू लागलं. नऊ वर्षं निदान स्वतःच्या आवाजाची सोबत होती. आता तीही अर्धी झाली होती. मुकाट्यानं पुरं म्हणून टाकावं, कोण बघतंय, असं सोमवारी तिच्या मनात आलं. तरी ती थांबली. पयलं वाकायचं म्हणजे वाकून तसंच राहायचं, वर कोण बघतं ते न बघता. हे तिनं मुलांना कधी शिकवलं नव्हतं. ठाऊकच नव्हतं.

त्याच सांजेला, चौथ्या मण्याला, भिंतीआड कुणी खोकलं.

"सांता मारिये..." आवाज खरखरीत, वापरात नसलेल्या रहाटासारखा. मध्येच तुटला, परत जोडला, शेवटापर्यंत गेला.

आंजेलीनची बोटं मण्यावर तशीच राहिली. मग पाचवा. सहावा. दहा झाले.

पुढचे दहा दुसऱ्यानं चालवायचे, ही रीत. ती वाट बघत राहिली.

"हे दुसरे धा," फिलोमेन पलीकडून म्हणाली, "माना आंजेलीनीक."

माना, म्हणजे थोरली बहीण. नऊ वर्षांत त्या हाकेनं तिला कुणी बोलावलं नव्हतं.

कडी अजून दोन्ही बाजूंनी होती. फिलोमेननं 'नमान मारिये' अर्ध्यावर आणून सोडलं, आणि आता ओ द्यायची पाळी आंजेलीनची होती. सुटलेला मणी ती माळेवर चाचपत राहिली. भिंतीआडची बाई घाई न करता थांबून राहिली.