अकरा कपच्या

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. संशोधक बाईने दगडाचं विचारलं, आणि सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दगडाचं मूळ तपासणाऱ्या यंत्राने सांगितलं होतं की नदीकाठच्या उत्खननातल्या या अकरा कपच्या दोनशे किलोमीटरवरच्या काळ्या डोंगराच्या आहेत. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीची शिकारी माणसं दगडासाठी एवढी वणवण करत होती! तिचा प्रबंध याच्यावरच उभा होता आणि सोमवारी द्यायचा होता. पण जुन्या दगडावर दुधावर साय धरावी तसं पुट चढतं. भिंगाखाली या कपच्या कोऱ्या करकरीत दिसत होत्या.

खोलीत येरझारा घालून ती दमली. शेवटी कपच्या पिशवीत घालून तिने सरांचं घर गाठलं. उत्खनन सरांचं होतं, ती माणसं डोंगरापर्यंत जात हे सांगणारं तीस वर्षांपूर्वीचं पुस्तकही त्यांचंच; आता ते निवृत्त झाले होते. दगड फोडून हत्यारं घडवायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"सर, उत्खननावर तुम्ही सरावाला कुठला दगड वापरायचात?"

"काळ्या डोंगराचा. जीप भरून आणला होता. लोण्यासारखा फुटतो!"

"आणि त्याच्या कपच्या?"

"उत्खननापासून लांब नेऊन पुरायच्या, खाली त्या सालचं नाणं टाकून. पुढच्यांची फसगत नको. नियम माझाच."

"रोज पुरल्यात?"

"दुपारी उत्खननाच्या खड्ड्याच्या काठावर बसून एखादा फोडायचो. मग कपडे झटकून उठायचो."

तिने पिशवी रिकामी केली. एक कपची त्यांनी खिडकीशी नेऊन पाहिली. "माझीच. घाव तिरका बसायचा माझा."

"मी या प्रबंधातून गाळून टाकते," ती घाईने म्हणाली. "तुमच्या पुस्तकाला हात लावत नाही. कुणाला कळणार आहे?"

"मग पुढची पोरगी माझ्या जीपमागे धावेल, तुझ्यासारखीच!" सर कडाडले. "लिही. माझं नाव घालून लिही."

तिला रडू फुटलं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण त्यांचं लक्ष कपच्यांकडे होतं.

"तीस वर्षं त्या माणसांना डोंगरापर्यंत चालवलं गं मी," ते म्हणाले. "ती बिचारी नदी सोडून कुठे गेलीच नव्हती."