टिटवीची वाटी

बर्नी गावच्या फुटबॉल मैदानाचं गवत कापायचं काम नेरिदाकडे होतं, आणि त्या मैदानावर दर वर्षी ऑगस्टात टिटव्या अंडी घालायच्या. त्याही कुठे कडेला, कुंपणाच्या आडोशाला नाही. बरोबर मध्यावर, जिथे पोरं धावणार तिथेच. टिटवीला अक्कल कमी आणि हिंमत फार. नेरिदा चार केशरी शंकू आणून अंड्यांभोवती ठेवायची आणि तेवढा तुकडा कापायचाच सोडून द्यायची. नगरपालिकेचा साहेब ओरडायचा, तेव्हा ती म्हणायची, "मग तुम्ही या आणि कापा. येताना हेल्मेट घालून या म्हणजे झालं."

कारण टिटवीचं एक नाटक असतं. अंड्यांजवळ कुणी आलं की ती एक पंख लोंबवते आणि लंगडत, कलकलाट करत दूर जायला लागते. मोडलेला पंख बघून कुत्रा म्हणा, पोरगं म्हणा, लागलंच तिच्या मागे. पुरेसं लांब नेलं की पंख क्षणात बरा! त्याच पंखाच्या सांध्यावर एक पिवळा काटा असतो, आणि मग बाई उडून थेट टाळक्यावर येतात.

नेरिदाने यातूनच आपली तलवारबाजी काढली होती. खरी नव्हे हो. बावन्न वर्षांची, गुडघे दुखणारी बाई ती. खेळातली. स्काउट हॉलमध्ये दर रविवारी दुपारी चार माणसं टेबलाभोवती बसून फासे टाकायची आणि बेव्हनने रचलेल्या जगात हिंडायची. बेव्हन सूत्रधार. तो सांगणार, "समोर पूल आहे, पुलावर बर्फ आहे," आणि बाकीचे सांगणार, मी हे करतो, मी ते करते. नेरिदाचं पात्र होतं सेरा नावाची तलवारवाली. उजव्या हातात तलवार, डाव्या मनगटावर काट्यासारखा सुरा. डावा खांदा पाडायचा, लंगडत मागे सरायचं, शत्रू मागे आला की तिसऱ्या पावलाला वळायचं आणि काटा मारायचा. नऊ वर्षांत अकरा जण या काट्याने गेले होते. शेजारच्या गावातली पोरंसुद्धा हा डाव शिकायला यायची.

पण बेव्हनचा एक नियम होता, आणि नियम चांगला होता. ज्याने स्वतःची युद्धकला काढली, त्याने तिच्यात एक भोक ठेवायचं. नाहीतर सगळेच अजिंक्य, मग खेळायचं कशाला? ते भोक चिठ्ठीवर लिहायचं, सूत्रधाराने एकदाच वाचायचं, मग मेणबत्तीचं मेण ओतून चिठ्ठी मायलो पावडरच्या जुन्या डब्यात टाकायची. त्यानंतर सूत्रधाराने तोंड उघडायचं नाही. बेव्हनने आईची शपथ घेऊन हे कबूल केलं होतं, आणि त्याची आई तेव्हा जिवंत होती.

नेरिदाने चिठ्ठीत लिहिलं होतं: "टिटवीच्या मागे न जाता जो पाठ फिरवून वाटीकडे जाईल, त्याच्यापुढे टिटवी एका डावाला मुकेल."

वाटी म्हणजे टिटवीचं घरटं. घरटं कसलं, जमिनीत उकरलेला नुसता खळगा. लहानपणी तिचा भाऊ डॅरिल त्याला वाटी म्हणायचा, मग तीही म्हणायला लागली. जगात तो शब्द दोघांचाच होता, आणि ती चिठ्ठी वाचल्यापासून बेव्हनचा. बेव्हन काही परका नव्हता. तिघं एकाच शाळेत, एकत्रच वाढलेली.

डॅरिलही याच टेबलावर खेळायचा. सहा वर्षांपूर्वी तो गेला. चार महिन्यांत गेला, बघता बघता. त्याचं पात्र होतं वेलन नकाशेवाला. टेबलाची रीत अशी, की ज्याची खुर्ची रिकामी झाली त्याचं पात्र दुसऱ्या कुणीतरी राखायचं. राखणारा जोवर हरत नाही तोवर पात्र जिवंत. हरला, की पात्राचं पान फाडायचं. म्हणून वेलन सहा वर्षं बर्फातल्या एका गुहेत मंतरलेल्या झोपेत होता, आणि गुहेच्या तोंडाशी सेरा उभी होती. डॅरिलचं ते पान नेरिदा दर रविवारी फाइलमधून काढून त्याच्या खुर्चीसमोर ठेवायची. त्याचं वाकडंतिकडं अक्षर, कोपऱ्यात चहाचा डाग, आणि "शौर्य" या रकान्यात त्याने लिहिलेलं "बायकोला विचारून सांगतो."

त्या रविवारी बेव्हन जरा जास्तच गोड बोलत होता. खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक आणले होते. टॅमसिन म्हणून एक मुलगी होती, बस चालवायची, दोन वर्षांपासून खेळायला यायची. तिचं स्वतःचं पात्र तुरुंगात होतं, म्हणून बेव्हनने तिला त्या दिवसापुरतं शत्रूचं पात्र दिलं. भाडोत्री मारेकरी. त्याला वेलनचा जीव हवा होता.

"अरे वा," नेरिदा हात चोळत म्हणाली. "बाराव्याची भर पडणार म्हणजे. ये गं टॅमसिन, घाबरू नकोस, हळूच मारीन."

"मारून तर दाखव," टॅमसिन म्हणाली, पण हसली नाही.

म्हातारा मर्व्ह, तिथला निवृत्त पोस्टमन, एरवी असल्या वेळी हमखास आपल्या टकलावरच्या टिटवीच्या खुणा दाखवायचा. आज तो चहात बिस्किट बुडवून बसला होता आणि बिस्किट केव्हाच विरघळून गेलं होतं.

फासे पडले. मारेकऱ्याने वार केला, सेराने अडवला. पुन्हा वार, पुन्हा अडवला. मग नेरिदाने नेहमीसारखा आपला डावा खांदा खाली सोडला. खुर्चीत बसल्या बसल्या ती हे करायची, तिलाही कळायचं नाही. "सेराचा हात लुळा पडतो," ती म्हणाली. "ती लंगडत मागे सरते. पुलाकडे. एक पाऊल."

"मी तिच्यामागे जात नाही," टॅमसिन म्हणाली. तिची नजर टेबलावर होती. "मी पाठ फिरवते आणि वाटीकडे जाते."

नेरिदाचा खांदा तसाच खाली राहिला.

"कुठे जातेस?"

"वाटीकडे." टॅमसिनने बेव्हनकडे पाहिलं. "म्हणजे... गुहेकडे. तेच ना?"

बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तिचा खरखराट तेवढा येत राहिला.

"बेव्हन," नेरिदा म्हणाली, "डबा आण."

"नेरिदा, ऐक तर—"

"डबा आण रे."

त्याने कपाटातून मायलोचा डबा आणला आणि तिची चिठ्ठी काढून समोर ठेवली. मेण शाबूत होतं. "बघ," तो घाईघाईने म्हणाला, "मी चिठ्ठी उघडलेली नाही. हात लावला नाही."

"उघडायची गरजच काय तुला? पाठ होती ना!" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शब्दसुद्धा बदलता आला नाही, चोरा? माझ्या भावाचा शब्द तिच्या तोंडात घातलास?"

टॅमसिनचा चेहरा उतरला. "तो म्हणाला तुला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तो म्हणाला नेरिदालाच हे संपवायचंय, फक्त तिच्याच्याने होत नाही, म्हणून तू कर. शपथेवर सांगते, मला वाटलं तूच सांगितलंयस."

"आणि तुला काय सांगितलं?" नेरिदाने मर्व्हला विचारलं.

मर्व्हने चहात बघितलं. "मला खरं तेच सांगितलं होतं, की तुला यातलं काही ठाऊक नाही," तो पुटपुटला. "मी म्हटलं, बरं होईल पोरीचं."

पोरीचं! बावन्न वर्षांच्या बाईचं बरं करायला निघालेली मंडळी. ते ठरलं कुठे तर पबमध्ये, बुधवारी, आणि नेरिदा त्याच बुधवारी बेव्हनच्या दारचं गवत फुकट कापत होती. याला म्हणतात केसाने गळा कापणं.

"सहा वर्षं झाली," बेव्हन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि त्याचा तिला आणखी संताप आला. "दर रविवारी तू ते पान मांडतेस. रिकाम्या खुर्चीशी बोलतेस. मला बघवत नाही गं. तो माझाही मित्र होता. मी तुझ्या भल्यासाठी—"

"माझं भलं मला तोंडावर सांगायचं होतंस. शिव्या दिल्या असत्या, दोन आठवडे बोलले नसते, आणि मग कदाचित ऐकलंही असतं. तू मला विचारलंस का एकदा तरी? एकदा?"

त्याने मान हलवली. नाही.

"नऊ वर्षं सगळ्यांना मी पंखाचं नाटक दाखवलं, बेव्हन. वाटी फक्त तुला दाखवली होती. कुंपणानेच शेत खाल्लं, तर दोष कुणाला द्यायचा?"

"आपण हा डाव धरायचा नाही," तो म्हणाला. "रद्द. झालंच नाही समज. पान तुझ्याकडेच ठेव."

"वा रे वा! टेबलावर सांगितलेला डाव परत घ्यायचा नाही, हा नियम कुणाचा? तुझाच ना? टिटवी एका डावाला मुकते, असं माझ्या हाताने लिहिलंय मी. मी शब्द पाळते. झोपलेल्याला मारायला फासाही लागत नाही. वेलन मेला." तिने डॅरिलचं पान प्लास्टिकच्या पाकिटातून काढून त्याच्यापुढे सरकवलं. "फाड."

"नेरिदा, प्लीज."

"सूत्रधार आहेस ना? फाड म्हणते ना मी!"

त्याने फाडलं. नीट दोन तुकडेही झाले नाहीत. "बायकोला विचारून" एका बाजूला गेलं आणि "सांगतो" दुसऱ्या. टॅमसिन तोंडावर हात ठेवून रडायला लागली. नेरिदाने दोन्ही तुकडे गोळा केले, कारण तुकडे कुणाचे हे नियमात कुठेच लिहिलेलं नाही, आणि जाकीट चढवून ती निघून गेली. लॅमिंग्टन तसेच राहिले.

बेव्हनने आठवडाभर फोन केले. तिने उचलले नाहीत. शनिवारी तो मैदानावरच आला. लांबून, फाटकापासून चालत आला तो, टोपी हातात घेऊन, शंकूंना वळसा घालून. टिटवी त्याच्यावर ओरडली तर बिचारा मान खाली घालून ओरडून घेत राहिला.

नेरिदा यंत्र ठेवायच्या शेडच्या दाराशी उभी होती. आत, किटलीच्या वरच्या भिंतीवर, डॅरिलचं पान चिकटपट्टीने जोडून लावलं होतं. रोज सकाळी आठला ती त्याला सांगायची आज कुठला तुकडा कापायचाय ते. याच शेडमध्ये बेव्हन वीस वर्षं दर शनिवारी चहा प्यायला यायचा, उलट्या बादलीवर बसून.

"मला माफ कर," तो म्हणाला. "चुकलं माझं."

आत किटली गुणगुणायला लागली होती. नेरिदाने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्यासाठी ओरडा, शिव्या, सगळं काही तिने आठवडाभर तयार ठेवलं होतं. ते काहीच बाहेर आलं नाही. तिने दार पाठीमागे ओढून घेतलं आणि डावा खांदा जरासा खाली सोडला.

"असू दे रे," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आणायला फार कष्ट पडले नाहीत. "बरंच झालं. कधीतरी संपवायलाच हवं होतं. तुझंच बरोबर होतं."

बेव्हनच्या तोंडावर असं काही सुख पसरलं, की बघवेना. "खरंच? अगं, मला झोप नव्हती. चल, चहा टाकतेस? बसू जरा आत."

"आज नको. किटली बिघडलीय." ती गुडघा धरून फाटकाच्या दिशेने चालायला लागली. "चल, गाडीपर्यंत येते तुझ्याबरोबर. हळू चाल, पाय दुखतोय माझा."

तो लगेच तिच्या मागे निघाला. तिच्या कोपराला हात दिला, कुठलं मलम लावायचं ते सांगितलं, रविवारी नवी गोष्ट सुरू करू म्हणाला. ती हो हो म्हणत राहिली. सगळं मैदान ओलांडून तिने त्याला थेट गाडीपर्यंत नेलं, काच खाली करायला लावून पुन्हा एकदा हसली, आणि गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावर सरळ पावलं टाकत परत आली. किटली उकळून आपोआप बंद झाली होती. तिने एकच कप काढला.