उभा धागा

एकच सुटा धागा, कापडाच्या कडेला, पांढरा, जरासा वाकडा — आणि तो दिसत होता. विश्रामने भिंग बाजूला ठेवलं, तरीही दिसत होता. मोतीबिंदू काढून महिना झालेला, बारीक कामाला ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या डॉक्टरांनी कालच परवानगी दिलेली, आणि आज सकाळी अर्धा कप चहा उभ्याउभ्याच संपवून तो डोंबिवलीतल्या आपल्या चिंचोळ्या गॅलरीत स्वतः बनवलेल्या वीतभर लांबीच्या रेल्वेडब्यांसमोर येऊन बसला होता.

त्यांना कोणी खेळणी म्हटलेलं त्याला खपत नसे. खऱ्या जुन्या लाकडी डब्यांच्या छपरांवर कॅनव्हास ताणून वर रंगाचे थर देत. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये बाबांनी जन्मभर तेच केलं. म्हणून तोही आपल्या छपरांवर जुन्या धोतराची पट्टी पातळ केलेल्या फेव्हिकॉलने बसवी. नव्या कापडाची वीण एवढ्याशा छपरावर गोणपाटासारखी दिसते.

गेल्या दोन वर्षांतली छपरं मात्र बिघडली होती. वाळली की चुण्या. पहिल्या वेळी त्याने कापडाला दोष दिला, दुसऱ्या वेळी गोंदाला, आणि तिसऱ्या वेळी... तिसऱ्या वेळी स्वतःचे हात समोर धरून पाहिले. थरथरतात का? बाबांचं असंच सुरू झालं होतं — आधी सही, मग शर्टाची बटणं, मग आई त्यांना अर्धाच कप चहा देऊ लागली. कोणी काही बोलायचं नाही, कप तेवढा अर्धा... हातांचं त्याने डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

आता त्याने बिघडलेला एक डबा उजेडात धरला. चुण्या सगळ्या तिरक्या, एकाच दिशेच्या — थरथरता हात इतक्या शिस्तीत चुकेल? त्याने वीण न्याहाळली आणि त्याला हसूच फुटलं. कापड तिरकं कापलेलं! उभा धागा छपराच्या लांबीने जायला हवा, तिरकं कापड ओलं झालं की ओढतं, हे बाबांनी दहाव्या वर्षी कान धरून शिकवलं होतं. दोन वर्षं धागा दिसत नव्हता आणि हा शहाणा अंदाजाने कात्री चालवत होता. हात नव्हेत, अरे गाढवा, डोळे! नुसते डोळे! किती दिवसांनी त्याची पाठ खुर्चीला टेकली.

नवी पट्टी त्याने धागा धरून सरळ कापली, गोंद लावला, मधून कडांकडे बोट फिरवत नेलं. छप्पर गुपचूप बसलं.

"अहो, चहा."

प्रमोदिनीने कप ठेवला. अर्धा.

हे कधीपासून? सकाळीही अर्धाच होता, काल... आणि मी एकदाही विचारलं नाही. म्हणजे मी हात समोर धरून पाहताना हिने पाहिलं होतं. त्याच्याइतकीच तीही भीत होती, याच घरात, एकटी.

"अगं, अर्धाच का?"

ती कुंडीतली तुळस निरखू लागली. "डॉक्टर साखर कमी करा म्हणालेत ना."

"मग साखर कमी कर. कप भर."

ती पातेलं घेऊन आली. ओतताना तिच्याच हातून थोडा चहा बशीत सांडला. त्याने भरलेला कप उचलला. वर बारीकसा तरंग उठला — पंख्याचा असेल, नाहीतर... एवढं डॉक्टरांना विचारून टाकावं, असं त्याला वाटलं. आणि वाटलं तरी भीती वाटली नाही.