चौदा खिडक्या

लहानग्या मार्गोच्या रक्तात शिसं निघालं, आणि तिच्या शाळेच्या भिंतींवर १९३८ पासून एकाच घराण्याचा ब्रश फिरत आलेला. त्यामुळे ल्युइस्टन शहराच्या आरोग्य खात्याचं पत्र ‘ऊलेट आणि मुलगे, रंगकाम व बांधकाम’ या पत्त्यावर येणार हे ठरलेलंच होतं.

पत्र सोलांजने फोडलं. मुलगे नव्हतेच, म्हणून तिसऱ्या पिढीत धंदा तिच्याकडे आला होता. तिने ते उभ्याउभ्या वाचलं. शाळेचं शेवटचं मोठं काम तिनेच केलं होतं, २००४ मध्ये. तेव्हा वर्गाच्या खिडक्या तिने कोरड्याच खरवडल्या होत्या, वर्गभर धूळ उडवत.

“पपा, आजोबांनी तिथे कुठला रंग लावला होता?”

रोझेर ऊलेट आता एक्याऐंशीचे. कामावर जात नसत, पण कामावरून कोण किती वाजता परतलं याची पक्की खबर ठेवत. पत्र पाहून ते उखडले.

“जस्ताचा सफेदा! आणि काय लावणार? फिलियासकाकाचं माहीत नाही का तुला?”

घरात ते सगळ्यांना माहीत होतं. आजोबा आदेलार आणि त्यांचा भाऊ फिलियास यांनी १९२६ मध्ये दोन शिड्या आणि एक हातगाडी घेऊन धंदा सुरू केला. त्या काळी शिशाच्या सफेद्यासारखा दुसरा रंग नव्हता. रंगाचा एकच हात दिला की भिंत झाकायची. फिलियास तो दिवसभर घोटायचा. शिशाच्या विषाने चाळिशीच्या आत त्याचे दोन्ही हात मनगटातून लुळे पडले. सूप त्याला आदेलार भरवायचे. तेव्हापासून त्यांनी नियम घातला: जिथे पोरं वावरतात तिथे शिसं नाही, जस्ताचाच सफेदा. तीन हात द्यावे लागले तरी चालतील.

“मग झालं तर,” सोलांज म्हणाली. “मी तसं कळवते.”

रोझेर खिडकीबाहेर बघत बसले. सोलांज दाराशी पोहोचली तेव्हा मागून आवाज आला.

“थांब पोरी. कळवू नकोस.”

आणि मग साठ वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली. १९६१ चा ऑगस्ट. आदेलार हर्नियासाठी इस्पितळात, आणि शाळेचं काम एकोणीस वर्षांच्या रोझेरच्या गळ्यात. शाळा उघडायला पाच दिवस, आणि जस्ताचा रंग काही झाकत नव्हता. खालचा तपकिरी डोकं वर काढायचाच. शेडच्या कोपऱ्यात घराबाहेरच्या कामासाठी ठेवलेलं शिशाच्या सफेद्याचं पिंप होतं.

“खिडक्यांच्या चौकटींना लावला. चौदाच्या चौदा. एका हातात काम फत्ते. बाप घरी आला, बघून आला, म्हणाला, छान झाकलंय. बस्स, एवढंच. त्यानंतर मी त्या वर्गात पाऊल टाकलं नाही. चौऱ्याहत्तर सालीसुद्धा माणसं पाठवली आणि स्वतः बाहेरची भिंत घेतली.”

“आणि मला खरवडू दिलंत?”

“तू आधी खरवडलंस, मग मला सांगितलंस,” ते म्हणाले. “तेव्हा तरी बोलायला हवं होतं. जीभ उचलली नाही.”

सोलांजला ओरडायचं होतं. पण ती एवढंच म्हणाली, “उद्या तपासणी आहे. तुम्ही माझ्याबरोबर येताय.”

दुसऱ्या दिवशी खात्याचा किंबॉल नावाचा तपासनीस आला. त्याच्या हातात ड्रिलसारखं यंत्र होतं. ते रंगाला टेकवलं की आतल्या थरांत शिसं किती ते आकड्यात दिसे. रोझेर त्याच्यासमोर टोपी काढून उभे राहिले आणि सगळं कबूल करून मोकळे झाले. किंबॉलने मान डोलावली, पहिल्या चौकटीला यंत्र टेकवलं. मग दुसरीला. मग परत पहिलीला.

“काही नाही इथे.”

“तुमचं यंत्र बिघडलंय,” रोझेर म्हणाले.

“यंत्र ठीक आहे, मिस्टर ऊलेट.”

“अहो, मी स्वतः लावलाय! या हातांनी!”

“पपा, तो तुम्हाला सोडतोय आणि तुम्ही भांडताय?” सोलांज कुजबुजली. पण तिलाही चैन पडेना. चौदा खिडक्या झाल्या, एकीतही शिसं नाही. शेवटी तिने पटाशी काढली, बाजूची पट्टी सोडवली आणि एक तावदान चौकटीसकट बाहेर काढलं. खालच्या कडेला, जिथे रंग कधी पोहोचत नाही, तिथे सुताराच्या पेन्सिलीने घरच्या फ्रेंचमध्ये लिहिलं होतं: नवीन बसवली. आ. ऊ. फेब्रुवारी १९६२.

दुसऱ्या खिडकीतही तेच. तिसरीतही.

रोझेर मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले, गुडघे छातीशी येतील असे.

“त्या हिवाळ्यात दर रविवारी चर्चमधून आला की बाप गोठलेल्या तळ्यावर, बर्फात भोक पाडून, मासे धरायला जायचा,” ते हळूच म्हणाले. “एक मासा कधी आणला नाही. आई चिडवायची, ‘तळ्यात मासे आहेत की नाहीत, की तू त्यांच्याशी नुसत्या गप्पा मारतोस?’ तो हसायचा. मला वाटायचं, धरता येत नाहीत बिचाऱ्याला.”

“म्हणजे ते इथे यायचे. त्यांना कळलं होतं, पपा.”

“पिंप रिकामं दिसलं असेल. आणि बोलला नाही! एक शब्द नाही!” त्यांनी डोळे पुसले आणि एकाएकी हसायला लागले, खांदे हलेपर्यंत. “चौदा खिडक्या, ऑपरेशन झालेल्या पोटाने! मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी मदतीला गेलो नसतो का?”

किंबॉलही हसला. मग त्याने मार्गोचं घर तपासायला सांगण्यासाठी खात्यात फोन केला.

शिसं मार्गोच्याच घरी सापडलं. भाड्याच्या जुन्या घराच्या मागच्या ओसरीचा कठडा. ती त्याला धरून तासन्‌तास उभी राहायची आणि मग बोटं चोखायची. तिला तिथून हलवल्यावर महिन्याभरात आकडा निम्म्यावर आला. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं.

ओसरीचं काम ऊलेटांनीच घेतलं. सोलांज नखशिखांत पांढऱ्या सूटमध्ये, तोंडावर मास्क, कठडा ओला करून सोलत होती, प्लॅस्टिकच्या पडद्याआड. रोझेर रस्त्यापलीकडे खुर्ची टाकून बसले होते. तिथून त्यांना काही दिसत नव्हतं, तरी सूचना चालू होत्या.

“घाई करू नकोस, पोरी! कोपरे बघ!”

“बघतेय, पपा!”

मार्गोची आई दोन मग कॉफी घेऊन रस्ता ओलांडून आली आणि एक म्हाताऱ्याच्या हातात दिला. त्यांनी तिला शेजारच्या पायरीवर बसायला सांगितलं, आणि तिने विचारलंही नसताना, फिलियासपासून सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. पिंपाचा भाग त्यांनी गाळला नाही.