माझ्या पोटातली थंडी

त्या दिवशी उन्हानं कहर केला होता. चाकणच्या रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं, ट्रकांच्या रांगा जागच्या हलत नव्हत्या, आणि ज्योतीरामच्या स्कूटरवर, त्याच्या दोन पायांमध्ये, मी उभा होतो. किती वर्षांनी! ऊन मला काय करणार? मी जन्मभर पोटात थंडी सांभाळली आहे.

मी बर्फाहून कितीतरी थंड अशा पातळ नायट्रोजनचा डबा आहे, बाबांनो. ॲल्युमिनियमचा, दुहेरी अंगाचा, बारीक गळ्याचा. लिहिता-वाचता मला येत नाही. माझं काम एकच, जपून ठेवायचं. ज्योतीराम जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होता. वळूच्या बीजाच्या कांड्या माझ्या पोटात बुडवून तो महाळुंग्यापासून पार डोंगराकडच्या वस्त्यांपर्यंत गाई भरवत फिरायचा. गोठ्यात माझं झाकण उघडलं की पांढरी वाफ निघायची. पोरं ओरडायची, "डब्यात ढग हाय!"

मग कंपन्या आल्या. गोठ्यांच्या जागी भाड्याच्या खोल्या उठल्या. ज्योतीराम निवृत्त झाला, तेव्हा त्यानं मला भंगारातून मागून घेतलं आणि ओट्यावर ठेवलं. शेजारची सोजराबाई माझ्या डोक्यावर ताट ठेवून पापड वाळवायला लागली. म्हातारपणी कुणाच्या तरी उपयोगी पडतोय, एवढं पुरे होतं.

स्वरूपा ही ज्योतीरामची लेक. गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या कंपनीत लाइनवर काम करते. गणराजशी लग्न ठरलं आणि तिच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सरची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधानं गाठ जाईल, पण पुढं मूल होणं अवघड होऊ शकतं. त्याआधी तुझं बीज काढून थंडीत ठेवता येतं. लवकर ठरवा, औषध फार लांबवता येणार नाही."

तिची आई दुर्गाबाई घरी आली ती थेट माझ्यापाशी. "येवढं काय घाबरायचं त्यात? आपला डबा हाय की!" चिंच लावून तिनं मला लख्ख घासलं आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं आतलं अंग कधीच फुटलंय. सकाळी नायट्रोजन भरला, तर संध्याकाळपर्यंत उडून जाईल. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. तिचा हात धरून म्हणाल्या, "मावशी, काम हेच आहे. डबा तेवढा नवा लागतो."

कंपनीनं सगळ्या कामगारांचा विमा उतरवला होता. विम्याचा माणूस फोनवर म्हणाला, गाठीचा खर्च देऊ, बीज ठेवणं हा उपचार नाही, ती हौस आहे.

हौस! ज्योतीराम मान खाली घालून बसला. स्वरूपा उठली. "बाबा, डबा घ्या. कंपनीत जायचंय."

तेच हे ऊन. ऑफिसात शार्दूल साहेब विम्याचं बघतात. स्वरूपानं मला त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"अहो, हे काय आणलंय?"

"साहेब, ह्यात माझ्या बाबांनी वळूचं बीज जपलं. तेव्हा कुणी हौस म्हणालं नाही."

"ताई, गाईगुरांचं वेगळं असतं."

"वेगळंच आहे. जादा हप्ता भरला, तर गाय कायमची भाकड झाल्यावर विमा भरपाई द्यायचा. माझ्या वेळी मात्र हौस? आपल्या पॉलिसीत बाळंतपण आहे ना? मग बाळच होणार नाही असं औषध घ्यायच्या आधी एवढं का नाही?"

"मी वर कळवतो."

"कळवा. आम्ही बसलोय."

शिफ्ट सुटलेल्या पोरी दारात थांबल्या होत्या. एक म्हणाली, "साहेब, आमी बी बसू का? खुर्च्या पुरत्याल ना तुमच्या?"

वरून उत्तर आलं, नाही. गणराजनं लग्नाचं कार्यालय रद्द करून टाकलं आणि ते पैसे बीज ठेवण्यासाठी भरले. "लग्न दारात लावू. हे थांबायचं नाही." स्वरूपाचं बीज आता वाकडच्या दवाखान्यात आहे, माझ्याच जातीच्या एका तरण्याबांड डब्यात. मग औषध सुरू झालं. केस गेले. सगळ्यांना वाटलं, आता ही गप्प बसेल.

ती म्हणाली, "माझं झालं. लाइनवर बाकीच्या पोरी आहेत की." डोक्याला रुमाल बांधून ती दर महिन्याला मला त्या टेबलावर नेते. शार्दूल साहेब आता मला बघूनच फायली बाजूला सरकवतात. विमा अजून हो म्हणत नाही.

न म्हणू दे. मी फुटका आहे, रिकामा आहे, पण त्या टेबलावरून हलणारा नाही. तुमच्या लेकीसुना कंपनीत असतील, तर विम्यात हे बसतं का, ते त्या धडधाकट आहेत तोवरच विचारून ठेवा, बाबांनो. गाठ निघाल्यावर विचारायला वेळ उरत नाही.

आज पुन्हा जायचंय. सकाळीच सोजराबाईनं पापडांचं ताट उचललं, पदरानं माझं डोकं पुसलं आणि म्हणाली, "जा रं म्हाताऱ्या. पापड म्या पत्र्यावर वाळवीन. त्यांच्याकडनं हो म्हणवून घेतल्याबिगर म्हागारी यिऊ नगंस."