उणे सहा अंशांचं पाणी

"शी! हे उत्तर कुणी काढलं?" बाईंनी उत्तरसूची झुरळ उचलावं तशी दोन बोटांत धरली.

"कोण काढणार? मोठे सर," शेजारी पेपर तपासत बसलेले गणिताचे मास्तर म्हणाले. "तुम्ही निमूट लाल रेघा मारा आणि घरी जा."

क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायच्या बाई, पण प्रश्नपत्रिका काढायचे ते क्लासचे मालक, मोठे सर. प्रश्न साधाच होता. तीस अंशांच्या दोनशे ग्रॅम पाण्यात शून्य अंशाचा शंभर ग्रॅम बर्फ टाकला, तर शेवटी तापमान किती? अहो, सगळा बर्फ वितळवायला पुरेल एवढी उष्णता त्या पाण्यात नाहीच! थोडा बर्फ तरंगत राहणार आणि तापमान शून्यावर थांबणार. सरांनी मात्र डोळे मिटून सूत्रात आकडे कोंबले आणि छापून मोकळे झाले: उणे सहा पूर्णांक सदुसष्ट. म्हणजे पाणी बर्फाहूनही थंड झालं, आणि तरी गोठलं नाही. धन्य!

पोरांनीही घोकलेलं सूत्र जसंच्या तसं ओकून ठेवलं होतं. एकामागून एक उणे सहा. एकाच पेपरात वेगळं होतं, 'थोडा बर्फ उरेल, तापमान शून्य.' तो पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीचा पेपर. सूचीप्रमाणे तिला भोपळा द्यायचा, आणि नेमक्या याच पाच गुणांनी तिची निवडक तुकडी हुकत होती. त्या तुकडीतल्या मुलांना क्लास जिवापाड शिकवायचा. बाकीच्यांची फी घ्यायची आणि त्यांना वाऱ्यावर सोडायचं, अशी तिथली रीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल लागला, आणि बाई थर्मास, बर्फाचा डबा, वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन थेट सरांच्या केबिनमध्ये शिरल्या. सरांसमोरच मापून पाणी ओतलं, बर्फ टाकला, ढवळलं. पारा शून्याला टेकला आणि तिथेच बसून राहिला. वर बर्फाचे तुकडे तरंगत होते.

"बघा सर."

"थर्मामीटर स्वस्तातला दिसतोय," सर म्हणाले.

"आणि हा बर्फ? तोही स्वस्तातला?"

"बाई, परीक्षेत बर्फ येत नाही, सूत्र येतं." सरांनी थर्मासमध्ये बोटं घातली, एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि मचमच चोखत म्हणाले, "निकाल लागलाय. आता सूची बदलली तर पालकांपुढे माझी शोभा. हवं तर तिची फेरपरीक्षा घ्या. तपासायची मात्र माझ्याच सूचीनं."

सरांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. बाईंना त्या माणसाची किळस आली, आणि त्याच्यापुढे सात वर्षं मान डोलावणाऱ्या स्वतःचीही. जिन्यावरून उतरतानाच त्यांनी ठरवलं, फेरपरीक्षेत पोरीनं खरं लिहिलं की पूर्ण गुण द्यायचे. सूची गेली खड्ड्यात. नोकरी गेली तर गेली!

फेरपरीक्षेत प्रश्न तोच, आकडे तेवढे वेगळे. चष्मेवालीनं पेपर दिला आणि टेबलापाशीच थांबली. बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं, पान उलटलं. उत्तर होतं उणे अकरा. पट्टी लावून, खाली दोन रेघा मारून.

"अगं, हे काय? तुला येतंय ना खरं?"

"येतंय की, बाई. थोडा बर्फ उरतो."

"मग?"

"आई म्हणाली, शहाणपणा घरी ठेव आणि सरांना हवं तेच लिही." पोरीनं चष्मा वर सरकवला. "सरांच्या उत्तराशी जुळतंय ना?"

बाईंनी सरांची नवी सूची पाहिली. जुळत होतं. चूक म्हणावं, तर पोरगी बाहेर. बरोबर म्हणावं, तर... पेनाचं टोक कागदावर टेकून तिथे लाल ठिपका पसरायला लागला. मग त्यांनी पाचपैकी पाच लिहिले.

पोरीचा चेहरा फुलला. तिनं दप्तर खांद्याला अडकवलं आणि दारापर्यंत जाऊन वळली.

"बाई, निवडक तुकडीला उष्णता तुम्हीच शिकवणार ना?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "मोठे सर."