पाहा: रुमाव

मंगळवारी सकाळी दहाला रोमन या शब्दाचे चार अर्थ आपापल्या खुर्च्या डोक्यावर घेऊन कोशाच्या कचेरीत आले. पाचवी खुर्ची त्यांनी रिकामीच आणली होती. ती आणताना त्यांनी एकमेकांच्या पायात पाय घातले असावेत, कारण जिन्यात कोणीतरी दोनदा पडलं.

आमच्याकडे प्रत्येक शब्दाला एक खोली असते. मी, इनास रुमाव, एकोणीस वर्षं ‘र’च्या बोळात आहे, त्यामुळे अर्थांचे स्वभाव मला ठाऊक आहेत. एकटा अर्थ गरीब असतो. दुसरा आला की पहिला विचारतो, याला कोणी बोलावलं. नोंद एका रकान्यात मावावी म्हणून अर्थ बसत जातात तशा खोलीच्या भिंती जवळ येतात. सहा वाजता पान छापायला जातं. त्यानंतर बसलेल्याला उठता येत नाही.

मुख्य संपादक धामणकरबाई दारातच थांबल्या. “लवकर लावा यांना, रुमाव. आज तुमच्याकडे मांडव ना?”

“हो. उद्या लेकीचं, मार्टिनाचं लग्न. सव्वासहाची वसईची एस.टी. धरायचीय.”

“मग बोलत काय बसलात?”

पहिला आला रोमचा नागरिक. अंगावरचं लांबलचक पांढरं वस्त्र सावरण्यात त्याचा डावा हात अडकलेला होता. उजव्या हाताने तो इतरांना ढकलत होता. त्याच्यामागे रोमन आकडा. त्याने आत येताच भिंतीवर खिळ्याने माणशी एक उभी रेघ ओढायला सुरुवात केली.

“चारची खूण वेगळी असते,” मी म्हणालो.

“ती पुस्तकात. मी घड्याळातला. चारला चार रेघा, पाचव्याला हात तिरका.”

“आणि शून्य?” छापखान्यात रोमन म्हणतात त्या ताठ अक्षराने मागून विचारलं. त्याला कमरेत वाकता येत नव्हतं. ते खुर्चीला टेकवून ठेवलेल्या शिडीसारखं दिसत होतं.

“जे नाही ते मी मोजत नाही. तू तरी बसून दाखव.”

चौथी बाई होती. लाल लुगडं, गळ्यात क्रूस, चेहरा माझ्या वारलेल्या मावशीचा. ती रोमन कॅथलिक. तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“इन्या, गेल्या रविवारी चर्चमध्ये मिसाला कुठे होतास?”

“इथेच. काम होतं.”

“दिसतंय ते.”

“तुमच्या नावात माझं गाव आहे,” नागरिक तिला म्हणाला. “मागे बसा.”

“तुझ्या गावात आता माझंच चालतं,” ती म्हणाली आणि त्याच्या वस्त्राच्या टोकावर खुर्ची ठेवून बसली.

पाचपर्यंत चौघे बसले. भिंती माझ्या कोपरांना लागल्या होत्या. पाचवी खुर्ची तेवढी राहिली. ती व्युत्पत्तीची, आणि ती रिकामी ठेवून पान जात नाही.

“रोमन हा शब्द रोमवरून,” नागरिक म्हणाला.

“आणि रोम कशावरून?” धामणकरबाईंनी दारातून विचारलं.

त्याने लांडगीचं दूध प्यायलेल्या दोन भावांची गोष्ट सांगितली. बाईंनी ती पुरती ऐकलीसुद्धा नाही. “त्यातल्या रोम वसवणाऱ्या भावाचं नावच गावावरून बेतलेलं. दुसरं काही?”

“कोणी नदीवरून म्हणतं,” ताठ अक्षर म्हणालं.

“कोणी म्हणतं याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. जुनं कार्ड काढा, रुमाव.”

मी काढलं नाही, म्हणून बाईंनी काढलं. त्यावर लिहिलं होतं: ‘व्युत्पत्ती – पाहा: रुमाव’.

रुमाव हे आडनाव आमच्याकडे पोर्तुगिजांपासून आलं. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ रोमनच. म्हणून नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी रुमावच्या कार्डावर लिहिलं होतं, ‘पाहा: रोमन’. दुसऱ्या दिवशी रोमनचं कार्ड हातात आलं. व्युत्पत्ती सापडेना, जेवणाची सुट्टी झालेली, मी हे लिहून टाकलं. कोशात काम करणाऱ्याच्या हातून ही चूक एकदा तरी होते. दोन्ही कार्डं एका वेळी कोणी उघडत नाही, यावर आमचं चाललेलं असतं.

“अक्षर तुमचं,” बाई म्हणाल्या. “आडनावही तुमचं.”

“बाई, मांडवाला बाप लागतो.”

“बसवा त्याला,” नागरिक बाईंना म्हणाला. आकडा हो म्हणाला. अक्षर हो म्हणालं. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. मी मावशीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिने पायाने खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसलो.

सहा वाजता भिंती थांबल्या. मी उठायला गेलो. उठता आलं नाही.

रात्री नऊला मार्टिना आली. उद्याचे पांढरे बूट सैल व्हावेत म्हणून ती आठवडाभर घालत होती, तेच पायात होते.

“पप्पा, सगळे खोळंबलेत. चला.”

मला सांगायचं होतं की तू परत जा, काकाला उभा कर. तोंडातून कार्डावर होतं तेवढंच आलं. “पाहा: रुमाव.”

“म्हणजे कुठे?”

“पाहा: रुमाव.”

बोळात तिसरं दार रुमावचं. त्या खोलीत एकही खुर्ची नाही. आहे ती फक्त पाटी, ‘पाहा: रोमन’, आणि दुसरं दार, जे आमच्याकडे उघडतं. ती गेली. तिच्या टाचांचा आवाज लांब जाऊन पुन्हा जवळ आला.

“तिथे कोणी नाहीये, पप्पा.”

“पाहा: रुमाव.”

“चेष्टा करताय का?” म्हणत ती पुन्हा निघाली.

“मुलगी आज्ञेतली आहे,” मावशीच्या चेहऱ्याची बाई म्हणाली, आणि चौघे हसले.

दुसऱ्या फेरीहून ती आली तेव्हा लंगडत होती. तिसऱ्या फेरीला बूट तिच्या हातात होते आणि ते पांढरे राहिले नव्हते. मी ओठ दातांखाली घट्ट धरले, तरी शब्द बाहेर आले. ती वळली.

प्रत्येक फेरीला आकडा भिंतीवर एक उभी रेघ ओढत होता. अनवाणी पावलं चौथ्यांदा दाराशी आली तशी त्याने चौथी ओढली. मग खिळा पुसला आणि हात तिरका धरून तो दाराकडे बघत राहिला.